लार्नला जाताना पंचांग जवळ ठेवा

तुमच्या सासऱ्यांनी सांगलीला तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वेल्श कवी डिलन थॉमसची मरणाऱ्या वडिलांवरची ‘डू नॉट गो जेंटल’ ही कविता शिकवताना दरवर्षी त्यांचा आवाज कापरा व्हायचा, असं तुम्ही लिहिलंय. मे महिन्यात ते रेडिंगला तुमच्याकडे येताहेत आणि त्यांना ‘ते कवीचं खाडीवरचं गाव’, म्हणजे वेल्समधलं लार्न, बघायचंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, लेक पाच वर्षांची. एका दिवसात जाऊन येता येईल का, आणि एवढं लांब जाण्यासारखं तिथे आहे तरी काय, हा तुमचा प्रश्न.

मी स्वान्सीत राहते आणि गेली सोळा वर्षं मराठी पाहुण्यांना वेल्स दाखवते. माझं उत्तर असं: एका दिवसात होतं, पण करू नका. एक रात्र गावात राहा. कुठली रात्र, ते पंचांग बघून ठरवा. थट्टा करत नाहीये, पुढे सांगते.

आधी नाव. स्पेलिंग बघून आपण हमखास ‘लॉगहार्न’ म्हणतो आणि समोरचा गोंधळतो. उच्चार नुसता ‘लार्न’, एका दमात. वेल्श नाव टालाखार्न, पाट्यांवर दोन्ही दिसतील. कवीच्या नावाचीही तीच गत. वेल्श उच्चार ‘डुलन’च्या जवळ जातो. इंग्रजीत ‘डल’ म्हणजे मठ्ठ, पोरं चिडवतील म्हणून आई धास्तावली होती, आणि पुढे त्याने स्वतःच ‘डिलन’ पसंत केलं.

आता पंचांग. माझं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे पाढ्यांबरोबर पाठ होतं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. पहिल्यांदा पाहुण्यांना घेऊन लार्नला गेले ती पौर्णिमा होती. मी मनातल्या मनात गणित करून सगळ्यांना बरोबर बाराला कवीच्या घरासमोर उभं केलं. समोर पाणी नव्हतंच. मैलभर वाळू, चिखल, मधून एक बारीकशी धार आणि चिखलात चोच खुपसून चालणारे पक्षी. एक काका म्हणाले, “अहो, हीच का ती खाडी?”

माझं गणित चुकलं नव्हतं, समुद्र वेगळा होता. कार्मार्थन उपसागरात आणि एकूणच ब्रिस्टल चॅनेलकडच्या या किनाऱ्यावर भरतीची वेळ कोकणापेक्षा साधारण सहा तासांनी सरकलेली असते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासची उधाणाची भरती तिथे सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते, उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असल्याने सात-आठला. दुपारी ठणठणाट. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, उलट, दुपारी भरती असते पण तिच्यात जोर नसतो, पाणी अर्ध्यावर येऊन परत फिरतं. ब्रिस्टल चॅनेलची भरती-ओहोटी जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी आहे, त्यामुळे हा फरक डोळ्यांत भरतो. दुपारी बाराला येऊन चारला परतणाऱ्या मंडळींना भरलेली खाडी क्वचितच दिसते, ते यामुळे. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांची रात्र धरा आणि निघण्याआधी टेन्बी किंवा फेरीसाइडची भरतीची कोष्टकं नेटवर बघून घ्या. मेमध्ये उजेड नऊपर्यंत असतो, म्हणजे साडेसात-आठला पाणी काठोकाठ आणि वर ऊन.

याच कारणाने किल्ल्याखालच्या पार्किंगबद्दलही बजावते. मोठ्या उधाणाला तिथे पाणी चढतं. पाटी लावलेली आहे, तरी लोक गाडी ठेवून जेवायला जातात. मी एकदा एका गाडीची चाकं पाण्यात बघितली आहेत, नशिबाने माझ्या नाही. संध्याकाळी गाडी वर गावात लावा.

आता पाहायचं काय. गाव एवढंसं आहे. एक मुख्य रस्ता, घड्याळाचा मनोरा असलेलं पांढरं टाउन हॉल, किल्ल्याचे अवशेष, दोन-चार पब. कवी जन्मला स्वान्सीत, १९१४ साली. लार्नला तो पहिल्यांदा राहायला आला १९३८मध्ये, नवी नवरी केटलिनला घेऊन. मधे लंडन, न्यू की, ऑक्सफर्डशायर असं भटकून १९४९मध्ये परत आला तो बोटहाउस नावाच्या घरात. ते घरही दुसऱ्याने घेऊन दिलेलं: इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांच्या पत्नी मार्गारेट यांनी. स्वतःजवळ पैसा टिकण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. तिथून तो १९५३च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेला गेला आणि ९ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या इस्पितळात वारला. वय ३९.

बहुतेक लोक थेट बोटहाउसला जातात. तुम्ही तसं करू नका. किंग स्ट्रीटवर ब्राऊन्स हॉटेल आहे, तिथून सुरुवात करा. त्याच्या समोरच्या बाजूला पेलिकन नावाचं घर आहे. ते खासगी आहे, बाहेरूनच बघायचं. त्या घरात डिलनने आपल्या आईवडिलांना आणून ठेवलं होतं. रोज सकाळी तो वडिलांकडे यायचा, दोघं मिळून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचे. मग ब्राऊन्समध्ये मालकीणबाईंकडून गावातल्या भानगडी ऐकायच्या, आणि दुपारी दोन ते संध्याकाळी सात खाडीवरच्या लाकडी शेडमध्ये लिहायचं. तुमच्या सासऱ्यांची ती कविता या दिनक्रमातून आलेली आहे. १९५१मध्ये ती एका संपादिकेला पाठवताना त्याने पत्रात लिहिलं की ही कविता मी एकाच माणसाला दाखवू शकत नाही, माझ्या वडिलांना, कारण आपण मरणार आहोत हे त्यांना माहीत नाही. म्हणजे सकाळी शेजारी बसून उभे-आडवे शब्द भरायचे आणि दुपारी दहा मिनिटं चालत जाऊन त्याच माणसाला ‘असे मुकाट्याने जाऊ नका, भांडा’ म्हणून विनवायचं. वडील १९५२च्या डिसेंबरमध्ये गेले. मुलगा त्यांच्यानंतर अकरा महिनेसुद्धा जगला नाही.

म्हणून माझं एवढंच सांगणं: पेलिकनपासून शेडपर्यंतचं ते अंतर सासऱ्यांना पायी चालू द्या. गाडीने सोडू नका. सासूबाईंच्या चालीने पंधरा-वीस मिनिटं लागतील. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरून पुढे गेलं की कड्याच्या कडेने पायवाट लागते, तिला आता डिलन्स वॉक म्हणतात. वाट बऱ्यापैकी सपाट आहे. डाव्या हाताला झाडीचा चढ, उजवीकडे खाली खाडी. शेड आधी येते, बोटहाउस पुढे.

ही शेड मूळची मोटारीचं गॅरेज. कड्याच्या टोकाला टेकवून ठेवल्यासारखी. आत जाता येत नाही, दाराच्या काचेतून बघायचं. काचेवर दोन्ही तळवे धरून नाक टेकवलं तरच नीट दिसतं, त्यामुळे काचेवर कायम नाकांचे ठसे असतात. आत एक साधं टेबल, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला कोट, जमिनीवर चुरगाळलेल्या कागदांचे बोळे, बाटल्या, भिंतीवर कवींची चित्रं आणि कात्रणं. हे सगळं मागाहून मांडलेलं आहे, हे उघडच आहे. कोणी म्हणतं नाटकी वाटतं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. आता मी कागदांकडे बघतच नाही. मी त्या टेबलापलीकडची खिडकी बघते. तिच्यातून ताफ नदीचं मुख आणि पलीकडच्या काठाची शेतं दिसतात, आणि एका बाजूला सर जॉन्स हिल नावाची झाडीभरली टेकडी. ‘ओव्हर सर जॉन्स हिल’ ही त्याची १९४९ची कविता म्हणजे जवळजवळ या खिडकीतला देखावाच: टेकडीवर ससाणा तरंगतोय, खाली चिमण्या त्याच्या झडपेत सापडताहेत आणि बगळा पाण्यात उभा राहून न्याय-अन्याय न करता मासे धरतोय. सासऱ्यांना ही कविता आदल्या रात्री परत वाचायला सांगा. ससाणा दिसेलच असं नाही. बगळा मात्र मला आजवर न दिसलेला आठवत नाही, करड्या रंगाचा, आपल्याकडच्या राखी बगळ्यासारखा. हल्ली पांढरे बगळेही आलेत, ते त्याच्या काळी इथे नव्हते.

बोटहाउस पायवाटेच्या खाली आहे, कड्याला चिकटून, आणि तिथे पायऱ्या आहेत. सासूबाईंनी उतरू नये असं माझं मत, कारण उतरण्यापेक्षा चढताना त्रास होतो. शेडजवळून दृश्य तेच दिसतं. उतरलात तर आत संग्रहालय आहे, बैठकीची खोली त्या काळासारखी ठेवली आहे, आणि बाहेर खाडीवर चहाची गच्ची आहे. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, कार्मार्थनशर कौन्सिलच्या संकेतस्थळावर आठवडाभर आधी बघा. शेड आणि पायवाट मात्र केव्हाही. गावात रात्र राहण्याचा सगळा फायदा हाच: संध्याकाळी साडेसातला संग्रहालय बंद, वाटेवर कोणी नाही, आणि पाणी घराच्या भिंतीपर्यंत आलेलं.

सासरे हिंडते-फिरते असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आणि तुमच्या यजमानांना बर्थडे वॉकला पाठवा. किल्ल्याकडून निघून सर जॉन्स हिलच्या अंगाने चढणारी ही वाट. तिसाव्या वाढदिवसाला पहाटे गाव झोपेत असताना टेकडी चढण्यावर त्याची ‘पोएम इन ऑक्टोबर’ आहे, वाटेवर तिच्या ओळी लावलेली बाकं आहेत. वरून हवा स्वच्छ असेल तर गावर नावाचं द्वीपकल्प आणि टेन्बीकडची बेटं दिसतात. पाऊस झाला असेल तर निसरडं होतं, चपला घालून जाऊ नये. एवढं सांगूनही कोणी ना कोणी घालतंच.

किल्ला कॅडू ही वेल्सची पुरातत्त्व संस्था सांभाळते, हिवाळ्यात बंद असतो. त्याच्या तटावर खाडीकडे तोंड करून एक छोटा सज्जा आहे. कादंबरीकार रिचर्ड ह्यूज शेजारच्या वाड्यात राहत आणि त्या सज्ज्यात लिहीत, डिलननेही तिथे बसून लिहिलंय. याच ह्यूजना त्याने १९३९च्या अखेरीस, गावातल्या एका हौशी नाट्यप्रयोगानंतर, म्हटलं होतं की लार्नच्या लोकांनी स्वतःचीच कामं करावीत असं एक नाटक लिहायला हवं. त्यातून पुढे ‘अंडर मिल्क वुड’ हे नभोनाट्य झालं. न्यू कीचे लोक म्हणतात ते आमच्या गावावर आहे, कारण १९४४-४५मध्ये तो तिथे राहिला. लार्नचे म्हणतात आमच्यावर. मला विचाराल तर गावाची ठेवण न्यू कीची आणि माणसांची खोडी लार्नची. नाटकातल्या गावाचं नाव लारेगब. रोमन अक्षरं उलटी वाचली की इंग्रजीतली एक शेलकी शिवी निघते. प्रोफेसरसाहेबांना माहीत असणार, सासूबाईंसमोर विचारू नका. पुस्तक छापताना सुरुवातीच्या आवृत्त्यांत स्पेलिंग जरासं बदललं होतं, ते यामुळेच. मरणाच्या तीनेक आठवडे आधी त्याने या नाटकाचं हस्तलिखित लंडनमध्ये हरवलं होतं. ‘सापडलं तर तुम्हीच ठेवा’ असं बीबीसीच्या निर्मात्याला सांगून तो विमानात बसला, आणि निर्मात्याला ते सोहोतल्या एका पबमध्ये सापडलं. २५ जानेवारी १९५४ला रिचर्ड बर्टनच्या आवाजात ते रेडिओवर गेलं, तेव्हा लेखकाला जाऊन अडीच महिने झाले होते. जाताना गाडीत ते ध्वनिमुद्रण लावा. दीड तास आहे, सेव्हर्न पूल ओलांडल्यावर सुरू केलंत तर कार्मार्थनच्या आसपास संपतं. (पुलाचा टोल २०१८च्या अखेरीस बंद झाला, सुटे पैसे काढून ठेवू नका.)

थडगं सेंट मार्टिन चर्चच्या आवारात, गावात शिरण्याच्या रस्त्यावरच. जुन्या आवारातून एका छोट्या पुलावरून पलीकडच्या नव्या भागात जावं लागतं, तिथे चढ आहे. आजूबाजूला दगडी शिळा आणि मधे एकच साधा पांढरा लाकडी क्रूस, म्हणून लांबूनच ओळखू येतो. पुढच्या बाजूला त्याचं नाव. मागच्या बाजूला जाऊन बघायला लोक विसरतात: तिथे केटलिनचं आहे. ती त्याच्यानंतर जवळजवळ ४१ वर्षं जगली, सिसिलीत वारली आणि १९९४मध्ये तिला इथे आणून त्याच्याशेजारी पुरलं. त्या दोघांच्या संसाराबद्दल ज्यांनी वाचलंय त्यांना ही पाठीला पाठ लावलेली नावं बरोबर वाटतात. हे ठिकाण येताना लागतं म्हणून लोक आधी उरकून घेतात. तुम्ही निघताना थांबा.

भाषेबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिलनचे आईवडील दोघंही वेल्श बोलत. वडील स्वान्सीच्या ग्रामर स्कूलमध्ये इंग्रजीचे मास्तर, घरात शेक्सपिअर मोठ्याने वाचून दाखवायचे, पण मुलाला वेल्श शिकवली नाही. पोराने इंग्रजीत पुढे जावं हा त्या काळचा हिशेब. वेल्श न येणारा वेल्श कवी म्हणून त्याला आयुष्यभर दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागलं. मी ही गोष्ट गाडीत सांगते तेव्हा पुढच्या सीटवरचे आजोबा मागच्या सीटवरच्या नातवाकडे बघतात. गंमत म्हणजे लार्न स्वतः वेल्शभाषी मुलखातलं जुनं इंग्रजी बोलणारं गाव. सनदही मध्ययुगातली, तेराव्या शतकाच्या अखेरची, आणि तिच्यावर चालणारी कॉर्पोरेशन अजून जिवंत आहे. तिच्या प्रमुखाला पोर्ट्रीव्ह म्हणतात आणि त्याच्या गळ्यात सोन्याच्या शिंपल्यांची साखळी असते.

ते शिंपले म्हणजे कॉकल्स, आपल्या तिसऱ्यांच्या भावकीतले. ओहोटीला वाळू उकरून काढतात, अगदी आपल्यासारखं. फक्त खातात कसे, तर उकडून, व्हिनेगर आणि मिरपूड. ओलं खोबरं नाही, कोकम नाही. मी दोनदा मसाल्यात करून शेजाऱ्यांना दिले, आता ते विचारतात. लेव्हरब्रेड हा पाव नसून समुद्री शेवाळाचा शिजवलेला गोळा, तो बहुधा बेकनबरोबर येतो. सासूबाई शाकाहारी असतील तर चहाबरोबर बारा ब्रिथ घ्या, चहात भिजवलेल्या मनुकांचा गोड पाव. वेल्श केक मात्र विचारून, पारंपरिक कृतीत चरबी असते. रात्री गावात शाकाहारी जेवणाची निवड फार नाही. दशम्या, चटणी, दह्याचा डबा बरोबर असू द्या.

पाच वर्षांच्या लेकीला बगळे आणि थडगी किती वेळ पुरणार? पाचेक मैलांवर पेन्डाइनचा सात मैल लांब वाळूचा किनारा आहे. १९२४मध्ये माल्कम कॅम्बेलने इथे ताशी १४६ मैलांचा जमिनीवरच्या वेगाचा विक्रम केला. १९२७मध्ये वेगाचा विक्रम मोडायच्या प्रयत्नात पॅरी-थॉमस नावाचा शर्यतपटू त्याच्या ‘बॅब्स’ मोटारीत मेला. मोटार तिथेच वाळूत पुरली होती, १९६९मध्ये उकरून दुरुस्त केली. वेगाच्या विक्रमांचं नवं संग्रहालय तिथे आहे. किनाऱ्याचा काही भाग लष्कराच्या सरावाचा आहे, लाल निशाण दिसलं तर त्या बाजूला जाऊ नका. आणि लार्नच्या खाडीत लेकीला चिखलात उतरू देऊ नका. वरून घट्ट दिसतो, पाय रुतला की निघत नाही, आणि पाणी मागून येतं.

गाडीने रेडिंगहून साडेतीन ते चार तास धरा: एम४ संपेपर्यंत, मग कार्मार्थन, सेंट क्लिअर्स, तिथून डावीकडे चार मैल. ट्रेनने कार्मार्थन आणि पुढे पेन्डाइनकडे जाणारी २२२ नंबरची बस, पण गुडघे आणि लेक दोन्ही सांभाळायचे तर गाडीच बरी. परतताना स्वान्सीत दोन तास काढा. कुमडॉनकिन ड्राइव्हवर ५ नंबरचं त्याचं जन्मघर १९१४सारखं सजवून ठेवलंय, आत जायला आधी वेळ घ्यावी लागते. रस्ता उभा चढ आहे, सासूबाईंना समोरच्या बागेशी उतरवा. बाजारात कॉकल्स मिळतात, कोकम तुमच्याकडे असेलच.

छत्र्या आणू नका, खाडीवरच्या वाऱ्यात उलट्या होतात. टोपीचे रेनकोट आणा. आणि सासऱ्यांना ती कविता मोठ्याने म्हणावीशी वाटली तर शेडपाशी म्हणू द्या, थडग्यापाशी नको. तिथे ज्याच्यासाठी लिहिली तो नाहीच.